‘छोट्या विमानात सामान बांधायची गरज नसते’ हा सल्ला पाळू नका

विद्यार्थी-वैमानिकांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो. ‘एकूण वजन मर्यादेत बसलं की झालं. बॅगा मागे टाका, वाटलंच तर बंजीची दोरी अडकवा. तासाभराच्या उड्डाणात सामान जाऊन जाऊन कुठे जाणार?’ नागपूरहून चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर जाणाऱ्या नवशिक्याने हे खरं मानलं तर त्याच्या जिवाशी गाठ आहे, म्हणून एकेक मुद्दा तपासू. आकडे सेस्ना 172 एस या विमानाचे घेतले आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्याच माहितीपुस्तिकेतले आकडे धरा.

‘एकूण वजन मर्यादेत बसलं की झालं.’

नाही. 172 एसमध्ये सामानाच्या जागेचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात 54 किलो चालतं, शेपटीकडच्या भागात फक्त 23 किलो, आणि दोन्ही मिळूनही 54 किलोच. शेपटीकडे 30 किलोची एकच पेटी ठेवली, तर विमानाचं एकूण वजन कितीही कमी असलं तरी मर्यादा मोडली.

शिवाय वजन कुठे आहे, यावर विमानाचा तोल ठरतो. 20 किलोची पेटी पुढच्या भागातून शेपटीकडच्या भागात सरकली तर ती 28 इंच, म्हणजे 71 सेंटिमीटर मागे जाते. 1,100 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर सगळं वजन तोललं जातं तो, त्यामुळे सुमारे 1.3 सेंटिमीटर मागे सरकतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण कमाल वजनाला गुरुत्वमध्याच्या पुढच्या आणि मागच्या मर्यादेत अंतरच मुळी 16 सेंटिमीटर आहे, आणि मागच्या सीटवर दोघं बसलेले असताना आपण त्यातल्या मागच्या टोकाकडे गेलेलो असतो. मोकळी पेटी सरकते तीही नेमकी टेकऑफला, कारण वेग वाढताना आणि नाक वर होताना ती शेपटीकडेच ढकलली जाते. त्या वेळी उंची नसते, वेग जेमतेम असतो. योक (नाक वर-खाली करायचं हातातलं चाक) हलका लागू लागतो, नाक गरजेपेक्षा जास्त वर जातं, आणि स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर त्यातून बाहेर पडणं अवघड होतं. मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 45 अंश तापमान असतं तेव्हा तिथली हवा जवळजवळ 5,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. अशा वेळी चढण्याची ताकद आधीच घटलेली असते.

म्हणून बॅगा अंदाजाने उचलून बघू नका, लटकवायच्या काट्यावर तोला. जड नग खाली आणि पुढे, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

‘सामान जाऊन जाऊन कुठे जाणार?’

उन्हाळ्यातल्या दुपारी विदर्भाच्या तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत विमानाला वर फेकतात आणि लगेच खाली सोडतात. विमान खाली जाण्याचा वेग एका ‘जी’पेक्षा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाने वस्तू पडते त्यापेक्षा) जास्त झपाट्याने वाढला की न बांधलेली बॅग छतावर जाते आणि पुढच्या धक्क्याला कुणाच्या तरी मानेवर आदळते. छोट्या वस्तूंचा धोका वेगळा आहे. पाण्याची बाटली किंवा पिशवीतून निसटलेलं संत्रं घरंगळत नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडर पेडलखाली गेलं, तर पेडल पूर्ण दाबता येत नाही, आणि हे बहुधा उतरताना, क्रॉसविंडमध्येच (आडव्या वाऱ्यात) लक्षात येतं. संत्री न्यायचीच असतील तर झाकणाच्या, टेप लावलेल्या खोक्यातून न्या. जाळीच्या पिशवीतून सुटी नेऊ नका.

विमान आदळून उतरलं तर हिशेब आणखी कठोर होतो. पुढच्या दिशेने 9 ‘जी’ धरले तर 20 किलोची पेटी 180 किलोच्या जोराने पुढे येते. नव्या विमानांच्या प्रमाणन नियमांत केबिनमधल्या वस्तूंसाठी 18 ‘जी’ धरतात, म्हणजे 360 किलो. त्या पेटीच्या पुढे मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं असतं.

‘बंजीची दोरी पुरते.’

बंजी ताणली जाते, हाच तिचा दोष. धक्का बसला की ती लांबते, सामान उडतं, मग ती आखडते आणि हुक रिंगमधून सुटतो. विमानासोबत आलेली बॅगेजची जाळी लावा, तिचे सगळे पट्टे जमिनीवरच्या आणि बाजूच्या रिंगांना बांधा. दोनच कोपरे अडकवलेली जाळी बॅगेला दुसऱ्या बाजूने वाट करून देते. जड पेटीला वेगळा विणलेला पट्टा आणि घट्ट बसणारं बक्कल लागतं. क्षमतेचं लेबल नसलेला पट्टा वापरू नका.

सगळ्यात जास्त चूक पट्ट्याच्या दिशेत होते. पेटीवरून सरळ खाली ओढलेला पट्टा तिला वर उडू देत नाही, पण पुढे सरकताना फक्त घर्षणाने अडवतो. पुढचा धक्का रोखायला पट्टा पेटीच्या पुढच्या बाजूने फिरवून मागच्या रिंगांना, शक्य तितका खालून बांधावा लागतो. म्हणजे पट्टे किमान दोन हवेत, एक वरून आणि एक पुढून. पेटीच्या धारदार कडांवर जाड पुठ्ठा ठेवा, नाहीतर पट्टा कापला जातो. शेवटी हाताने जोरात ओढून बघा. विमान हलायच्या आधी पेटी हलली तर पुन्हा बांधा.

‘मागच्या सीटवर ठेवून बेल्ट लावला की झालं.’

हे अर्धं खरं आहे. रिकाम्या सीटवरची मऊ बॅग बेल्टने बांधता येते, पण बेल्ट बॅगेच्या कड्यांतून ओवून घट्ट ओढलेला हवा. गुळगुळीत खोकं बेल्टखालून पुढे सटकतं. ते मागच्या जागेतच बांधा.

सामानाचं दार डाव्या बाजूला असतं. इंजिन सुरू करण्याआधी ते बाहेरून ओढून बघा. हवेत उघडलं तर आतलं हलकं सामान बाहेर पडून शेपटीवर आदळू शकतं.

आणि स्पिनचा, म्हणजे स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली येण्याचा, सराव असेल तर बांधून काम भागत नाही. 172 एसला स्पिनची परवानगी यूटिलिटी श्रेणीतच, म्हणजे कमी वजनाच्या आणि तोलाच्या कडक मर्यादेतच आहे, आणि त्या श्रेणीत मागची सीट आणि सामानाची जागा रिकामीच हवी. मागे कायम पडून असलेला टो-बारसुद्धा (जमिनीवर विमान ओढायचा दांडा) आधी काढून हँगरमध्ये ठेवा.