दोन तासांवरचं चॅटनूगा

अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, "चॅटनूगाला जाऊन आलात का?" उत्तर ठरलेलं. "अहो, जवळच तर आहे, कधीही जाता येईल." पुण्यात हयात काढलेली माणसं शनिवारवाड्यात शेवटची शाळेच्या सहलीत गेलेली असतात, त्यातलाच हा प्रकार. आम्हाला इथे अकरा वर्षं झाली. नायगारा झाला, ग्रँड कॅन्यन झालं, डिस्ने तर दोनदा झालं. पण आय-७५ धरून सरळ उत्तरेला दोन तास गेलं की टेनेसी नदीच्या काठी जे शहर लागतं, तेवढं राहिलं ते राहिलंच.

यंदा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबा वाईचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिल्या महिन्यातच त्यांचं आमचं लॉन, शेजाऱ्याचं कुत्रं आणि कॉस्टकोचं दुकान बघून संपलं. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "तुमच्याकडे नदीबिदी काही नाही का रे?"

मी त्यांना चॅटाहुची दाखवून आणली. काठावर उभं राहून त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरी आहे. मोठी कुठाय?"

तर असा चॅटनूगाचा विषय निघाला. आईला ते चटणूगा ऐकू आलं आणि घरात तेच नाव रूढ झालं. त्या गावाला जायचं म्हणजे चटणी न्यायलाच हवी, असं तिने त्याच क्षणी मनाशी पक्कं केलं असावं.

खरं म्हणजे त्याच शनिवारी गाडीत बसून निघालो असतो तर प्रश्नच नव्हता. पण मी मित्रांना सांगण्याची चूक केली. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर 'चलो चटणूगा' ग्रुप निघाला, त्याला नदीचा फोटो लागला आणि चार कुटुंबं येणार असं ठरलं. ठरलेली ही शेवटची गोष्ट.

मित्रांची नावं घेत नाही, गुणांवरूनच ओळख करून देतो. पहिला एक्सेल. याच्या बारशाचीसुद्धा शीट असेल. दुसरा बघूया. याने आजवर कशालाही 'नाही' म्हटलेलं नाही आणि तो कुठेही आलेला नाही. तिसरा ऑन-कॉल. त्याच्या कंपनीत जे काही बंद पडतं ते शनिवारीच बंद पडतं.

पहिला वाद तारखेचा. झाडांचे रंग बघायचे तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. तेव्हाच मंडळाची दिवाळी. त्यातून शनिवारी सॉकर आणि रविवारी मराठी शाळा, म्हणजे अमेरिकेत विकेंड असतो तो आईबापांनी गाडी चालवावी म्हणून. एक तारीख सगळ्यांना जमत होती, पण त्या दिवशी संकष्टी निघाली.

दुसरा वाद मुक्कामाचा. बायको म्हणाली, "दोन तासांवर आहे, तर राहायचं कशाला?" एक्सेलची बायको म्हणाली, "राहायचं नाही, तर जायचं कशाला?" दोघींचं बरोबर होतं आणि दोघी आठवडाभर बरोबरच राहिल्या. मग एक्सेलने एक जबरदस्त पर्याय काढला. चॅटनूगात १९०९ सालचं भव्य रेल्वे टर्मिनल आहे. १९७० मध्ये तिथल्या गाड्या बंद झाल्या आणि पुढे त्याचं हॉटेल झालं. रुळांवर उभ्या असलेल्या जुन्या डब्यांत झोपायची सोय आहे. मुलं नाचायला लागली.

आईने शांतपणे विचारलं, "गाडी हलते का?"

"नाही."

"म्हणजे जन्मभर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोप लागली नाही म्हणून रडलो, आणि आता न हलणाऱ्या डब्यात झोपायला डॉलर मोजायचे?"

पर्याय रद्द. मग तीन बेडरूमचं भाड्याचं घर शोधलं. त्याचं साफसफाईचं शुल्क जवळपास एका रात्रीच्या भाड्याएवढं, आणि नियमांत लिहिलेलं की चादरी आपणच काढून मशीनला लावायच्या, भांडी घासायची, कचरा बाहेर ठेवायचा. मग शुल्क नेमकं कशाचं, हे मी आजही शोधतोय.

मध्येच बघूया जागा झाला. त्याने ग्रुपवर टाकलं की या शहराची हवा अमेरिकेत सगळ्यात घाण आहे, मुलाला दमा आहे, तेव्हा विचार करू. मी हादरलो. नीट वाचलं तर बातमी खरी होती, पण १९६९ सालची. तेव्हा कारखान्यांच्या धुराने तिथे दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे लावायची वेळ येई. त्यानंतर शहराने कंबर कसून हवा स्वच्छ केली, नदीकाठ नवा केला, १९९२ मध्ये काठावर मोठं मत्स्यालय उभं केलं. हे सगळं मी त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "अच्छा. बघूया."

ऑन-कॉलचा प्रश्न इंटरनेटचा. माझ्या सुदैवाने या शहराच्या वीज कंपनीने २०१० मध्येच घरोघरी एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट दिलेलं. मी मोठ्या विजयाने ते सांगितलं. ज्या गावात नदी आहे, डोंगर आहे, गुहा आहे, तिथलं याला आवडलं काय, तर इंटरनेट! त्याची बायको मात्र मला फोन करून म्हणाली, "हे कशाला सांगितलंत भाऊजी? मी त्याला रेंज नाही म्हणून नेणार होते."

आता एक्सेलच्या शीटबद्दल. चौसष्ट ओळी. पहिली रूबी फॉल्स, दुपारी बाराची वेळ, तिकीट आधी काढायचं. हा धबधबा डोंगराच्या पोटात आहे. १९२८ मध्ये एका माणसाला तो गुहेत रांगता रांगता सापडला आणि त्याने त्याला बायकोचं नाव दिलं. (हे वाचून आमच्या बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते शीटमध्ये नव्हतं.) उंची १४५ फूट, आणि बघायला लिफ्टने खाली जायचं. बाबांनी ठोसेघर पाहिलेलं. ते म्हणाले, "धबधबा बघायला खाली? आणि वेळ घेऊन? डॉक्टर आहे का तो?"

दुसरी ओळ, लुकआउट माउंटनवर चढणारी इन्क्लाइन रेल्वे. १८९५ पासून चालू आहे, वरच्या टोकाला चढ ७२.७ टक्के. आईने आकडा ऐकून गुडघ्याला हात लावला. बसून जायचं असतं, हे पटवायला दोन दिवस गेले. तिसरी रॉक सिटी, १९३२ पासूनची. तिथल्या एका कड्यावरून सात राज्यं दिसतात असा त्यांचा दावा आहे. खरं-खोटं कड्याला ठाऊक. इथे चार घरं एका तारखेवर दिसेनात.

आणि बासष्टावी ओळ, टोइंग म्यूझियम. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक याच गावात जन्मला. १९१६ मध्ये अर्नेस्ट होम्स नावाच्या इथल्या मेकॅनिकने ओढ्यात पडलेली एक मोटार माणसं लावून, दोर बांधून काढली. त्यात एवढा घाम गाळला की त्याने या कामासाठी यंत्रच बनवलं. ग्रुपवर मतदान झालं. म्यूझियमच्या विरोधात सगळे. बाजूने एक मत, माझ्या फोनवरून, बाबांनी टाकलेलं. "आम्ही वाई आगारात एसटी एसटीला बांधून ओढायचो," ते म्हणाले. "त्या होम्सला भेटायला पाहिजे." एक्सेलने ओळ लाल केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी गळती सुरू झाली. ऑन-कॉलचं काहीतरी बंद पडलं. बघूयाने 'पुढच्या वेळी नक्की' असं लिहून हात जोडले. आणि रात्री साडेदहाला खुद्द एक्सेल. मुलाची टूर्नामेंट पुढच्या फेरीत गेली होती. "तुम्ही जा, शीट शेअर केलीय," म्हणाला. भाड्याचं घर मी रद्द केलं. साफसफाईचं शुल्क परत मिळालं. घर घाणच केलं नव्हतं ना.

तरी शनिवारी आम्ही निघालो. नऊला निघायचं ते बारा वाजले, कारण आई दशम्या करत होती. दोन तासांच्या प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि श्रीखंड. श्रीखंडासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा कूलर.

रूबीची वेळ गेली. नंतरची तिकिटं संपली. शीटमधल्या ओळी एकेक करून मावळत गेल्या आणि तीन वाजता आम्ही नुसतेच नदीकाठी उभे होतो. खरं सांगू? नदी मोठी होती. चांगली रुंद, संथ, डोंगराला वळसा घालून जाणारी. बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली. काठाशी उतरत्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, त्यात मुलं खेळत होती. "घाट आहे की!" म्हणत बाबा चपला काढू लागले. माझी मुलगी तिथली पाटी वाचत होती. तिने सांगितलं, या जागेवरून १८३८ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या गावांतून हाकलून पश्चिमेला धाडलं, त्याची ही आठवण आहे. बाबांनी चपला परत घातल्या. थोड्या वेळाने म्हणाले, "धोम धरणात बुडालेल्या गावांतली माणसं वाईला येऊन अशीच नदीकडे बघत बसायची." आणखी काही नाही.

मग वॉलनट स्ट्रीट पूल. १८९१ चा, १९७८ मध्ये गाड्यांना बंद केलेला, १९९३ पासून फक्त चालणाऱ्यांचा. लांबी २३७६ फूट, आणि आई तो गुडघ्यांसकट पुरा चालली, परतसुद्धा. सगळ्या ट्रिपमधली हीच एक गोष्ट कुणी ठरवली नव्हती.

अंधार पडताना गाडीशी आलो. किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. कूलरचा हिरवा दिवाही मंद होत विझला. श्रीखंड मात्र छान गार होतं.

फोन केला. तासाभराने पिवळे दिवे फिरवत एक प्रचंड टो ट्रक आला. केबल लावून पाहिली, बॅटरी काही उठेना. बाबा तोवर ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून आले होते, हात मागे बांधून, तपासणीला आलेल्या डेपो मॅनेजरसारखे. ड्रायव्हर चांगला सहा फुटी, दाढीवाला. बाबांनी हुककडे बोट दाखवलं, विंचच्या दोराला हात लावून मान डोलावली. पुढे दोघांचं काय बोलणं झालं देव जाणे, बाबांचं इंग्रजी 'यस' आणि 'गुड' याच्यापुढे जात नाही. पण आमची गाडी वर चढली तेव्हा बाबा ट्रकच्या केबिनमध्ये बसलेले होते. आम्ही टॅक्सीने मागून.

बॅटरीच्या दुकानासमोर पोचलो, तर दोघं जण ट्रकच्या पायरीवर बसून दशमी खात होते. ड्रायव्हरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हता. त्याने मला विचारलं, हे लाल काय आहे?

"चटणी," बाबा म्हणाले.

"चॅटनी," तो म्हणाला, आणि एकदम खूश झाला. "ॲज इन चॅटनूगा?"

"यस," बाबा म्हणाले. "गुड."

रात्री अकराला घरी आलो. ग्रुपवर फोटो टाकला, ट्रकच्या खिडकीतून हात दाखवणारे बाबा. बघूयाने अंगठा दाखवला. दोन मिनिटांनी एक्सेलचा मेसेज आला: "बासष्ट झालं ना? हिरवं करतो."