खापर अँटिगनीवर का फोडता?

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ नाटकाबद्दल एक मत सारखं पुढे ढकललं जातं: ही पोरगी हट्टाला पेटली नसती तर कुणीच मेलं नसतं, क्रेऑनने राजा म्हणून कायदा पाळला, एवढंच. इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं हे नाटक शेवटापर्यंत वाचलं, तर हे मत टिकत नाही.

‘कायदा पाळला’ म्हणे. कुठला कायदा? ग्रीसमधल्या थीब्ज शहराच्या गादीपायी अँटिगनीचे दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. लगेच गादीवर आलेल्या त्यांच्या मामाने, क्रेऑनने, दवंडी पिटवली: एकाला मानाने पुरा, दुसऱ्याला, शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला, कुत्र्यागिधाडांपुढे टाका. अँटिगनीने ती बंदी मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकली. थीब्जमध्ये चालत आलेला हा नियम नव्हता. अथेन्समध्येही फितुराला आपल्या भूमीत पुरू देत नसत, पण हद्दीबाहेर नेऊन पुरायला आडकाठी नव्हती. राज्याला शिस्त लागते हे मान्य. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलनेही अँटिगनी आणि क्रेऑन, दोघांच्या बाजूंत तथ्य पाहिलं. पण बाजूत तथ्य असलं म्हणून मृत्यूंची जबाबदारी अर्धी अर्धी होत नाही.

‘तिने नमतं घ्यायला हवं होतं.’ नमतं घ्यायची संधी क्रेऑनलाच जास्त वेळा मिळाली. त्याचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर हेमॉन त्याला सांगतो की गावात लोक तिच्यासाठी हळहळतायत, फक्त तुमच्या भीतीने तोंड उघडत नाहीत. क्रेऑन ऐकत नाही. प्रेताला हात न लावलेल्या तिच्या बहिणीला, इस्मेनीलाही तो आधी मरणाची शिक्षा देतो, शहरातल्या वृद्धांनी विचारल्यावर सोडतो. दवंडीत दगडांनी ठेचून मारायचं ठरलं होतं. ते बदलून तो अँटिगनीला गुहेत जिवंत कोंडतो, जवळ थोडं अन्न ठेवतो, म्हणजे शहराला पाप लागायला नको. जीव तर घ्यायचा, पण हात कोरडे ठेवून!

‘शेवटी त्याला उपरती झाली, दैवाने वेळ साधू दिली नाही.’ मला सर्वात जास्त राग याच मुद्द्याचा येतो. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस बजावतो की या प्रेताच्या बदल्यात तुला पोटचा मुलगा द्यावा लागेल. घाबरलेला क्रेऑन वृद्धांना विचारतो, काय करू? उत्तर अगदी स्वच्छ मिळतं: आधी मुलीला बाहेर काढ, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑनने नेमकं उलट केलं. दूताची हकीगत नीट वाचा. आधी ते पॉलिनायसीसकडे गेले, उरलेसुरले अवशेष धुतले, फांद्या तोडून जाळले, वर मातीचा उंच ढिगारा रचला आणि मग गुहेकडे वळले. तोवर अँटिगनीने वस्त्राचा फास लावून घेतला होता आणि हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडत होता. तो बापावर तलवार उपसून धावला, वार हुकला, तीच तलवार त्याने स्वतःच्या बरगडीत खुपसली. आधी गुहेकडे गेले असते तर दोघं वाचली असती की नाही, हे नाटक सांगत नाही. पण क्रम क्रेऑनने ठरवला, दैवाने नाही. आणि ‘तिने घाई केली’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, भिंतीआड चिणलेल्या मुलीला सुटकेची माणसं निघालीत हे कळणार कसं?

राहिली हेमॉनची आई युरिडिसी. मुलगा गेल्याचं कळताच तीही जीव देते. मरताना ती शाप देते तो नवऱ्याला. मुलांचा मारेकरी म्हणते ती त्यालाच, आणि हेमॉनबरोबर आधी गेलेल्या दुसऱ्या मुलाचं, मेगारिअसचंही नाव घेते. अँटिगनीला ती दोष देत नाही. क्रेऑनही देत नाही. हा दोष माझाच, तो दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो.