सुधारित आवृत्ती जरूर काढा, पण पहिली आवृत्ती कपाटातच राहू द्या

मागच्या रविवारी भाच्याबरोबर 'स्टार वॉर्स' पाहिला. त्याने पहिल्यांदा, मी कितव्यांदा, ते मोजणे मी कधीच सोडून दिले आहे. मॉस आयस्लीच्या गुत्त्यातला प्रसंग आला. हॅन सोलो टेबलामागे रेलून बसला आहे, समोर ग्रीडो नावाचा हिरव्या कातडीचा भाडोत्री गुंड त्याच्यावर पिस्तूल रोखून आहे, आणि हॅनचा हात टेबलाखाली हळूच आपल्या पिस्तुलाकडे सरकतो आहे. १९७७ साली प्रेक्षकांनी पाहिले ते एवढेच, की हॅन बोलता बोलता बार उडवतो आणि ग्रीडो टेबलावर कोसळतो. १९९७ साली बदल करून पुन्हा प्रदर्शित केलेल्या 'स्पेशल एडिशन'मध्ये आधी ग्रीडो झाडतो, आणि हातभर अंतरावरून झाडलेला बार हॅनला चुकावा म्हणून त्याचे डोके संगणकावर किंचित बाजूला सरकवलेले आहे. २००४ च्या डीव्हीडीत दोघे जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९ मध्ये तर ग्रीडोच्या तोंडी शेवटी 'मॅक्लंकी' असे काहीतरी घातले गेले. भाच्याने विचारले, "मामा, हा काय म्हणाला?" मला सांगता आले नाही.

बदल दिसायला क्षुल्लक आहे, पण माणूस बदलला आहे. मूळ हॅन आपल्या जिवापलीकडे कोणाचे काही न पाहणारा तस्कर आहे, आणि म्हणूनच शेवटच्या लढाईत तो तरुण नायक ल्यूकच्या मदतीला परत येतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात. त्याला सुरुवातीलाच सज्जन करून ठेवले, तर परत येण्यात त्याने विशेष ते काय केले?

दिग्दर्शकाने आपल्या जुन्या चित्रपटाला हातच लावू नये, असे माझे म्हणणे नाही. लेखक सुधारित आवृत्ती काढतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र त्याची पहिली आवृत्ती ग्रंथालयाच्या कपाटात तशीच असते, आणि ज्याला पडताळून पाहायचे त्याला ती काढून पाहता येते. चित्रपटाचे तसे नसते. हक्क ज्याच्या हाती, त्याने ठरवले तर मूळ आवृत्ती बाजारातून, थिएटरातून आणि आता स्ट्रीमिंगवरूनही गाशा गुंडाळते, आणि नवीच जुन्या नावाने मिरवू लागते. माझा आक्षेप आहे तो या दुसऱ्या गोष्टीला.

गंमत अशी, की हा आक्षेप सर्वांत चांगला मांडला तो खुद्द 'स्टार वॉर्स'चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी. १९८८ साली, जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याचा उद्योग जोरात असताना, ते अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे गेले आणि नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवण्यासाठी कलाकृती बदलणारे लोक रानटी असतात, अशा आशयाचे बोलले. पुढे मूळ निगेटिव्ह हरवतील आणि त्यांची जागा बदललेल्या निगेटिव्ह घेतील, अशी भीतीही त्यांनी व्यक्त केली होती. नऊ वर्षांनी 'स्पेशल एडिशन'साठी मूळ निगेटिव्हच कापून नव्या आवृत्तीबरहुकूम जुळवली गेली! वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा आतली मूळ मूर्ती तरी शाबूत सापडली.

आपल्याच चित्रपटात बदल करायला कोणाची परवानगी घ्यायची, असे कोणी म्हणेल. पण 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा? दुसरा भाग, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', अर्विन कर्शनर यांनी दिग्दर्शित केला होता आणि तिसरा, 'रिटर्न ऑफ द जेडाय', रिचर्ड मार्क्वांड यांनी. मार्क्वांड तर १९८७ मध्येच वारले होते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस खलनायक डार्थ वेडरचा मुखवटा उतरतो तेव्हा दिसणारा चेहरा सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाचा आहे, पण २००४ पासून त्यानंतर प्रकटणारा त्याचा आत्मा मात्र हेडन क्रिस्टेन्सन या तरुण नटाचा आहे. शॉ १९९४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांना कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या भागाला संकलनाचे आणि दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले होते. ज्या कामाला ते मिळाले, ते जसेच्या तसे पाहायचे म्हटले तर कित्येक वर्षे रसिकांना जुन्या लेझरडिस्क आणि चोरट्या प्रती धुंडाळाव्या लागल्या.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनाही हा मोह झाला होता. 'ई. टी.' २००२ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना सायकलवरच्या मुलांना अडवणाऱ्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी आले. बंदूक धरलेल्या पवित्र्यात वॉकीटॉकी घेऊन उभा असलेला पोलीस कसा दिसतो, ते ज्याने त्याने पाहावे. पण पुढे त्यांनी आपण हे करायला नको होते, असे उघड सांगितले आणि बंदुका परत आणल्या. चूक कबूल करून ती दुरुस्त करणारा दिग्दर्शक मला चूक न करणाऱ्यापेक्षाही अधिक आवडतो.

रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'चे उदाहरण मात्र उलट बाजूचे आहे आणि ते टाळणे अप्रामाणिक ठरेल. १९८२ साली त्यात नायकाचे निवेदन आणि गोड शेवट घुसडला गेला होता. १९९२ आणि २००७ च्या आवृत्त्यांत ते काढल्यावर चित्रपट निर्विवादपणे सुधारला. तरीही २००७ च्या संचात जुन्या आवृत्त्याही होत्या, आणि ते रटाळ निवेदन ऐकल्यावरच ते काढल्याने काय साधले हे कळते.

आपल्याकडे हा प्रश्न 'शोले'ने आणला. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार करतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते चालले नाही, म्हणून १९७५ च्या प्रेक्षकांना ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला अडवतात, असा शेवट मिळाला. मूळ शेवटासह पुनर्संचयित केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण दिग्दर्शकाकडून हिरावलेले त्याला परत मिळाले. पण आता पोलिसांचा शेवट टाकून द्या असे कोणी म्हणाले, तर माझा त्याला विरोध राहील. तो शेवट लादलेला होता हे खरे, तरी पन्नास वर्षे लोकांनी तोच पाहिला आहे; आणि ठाकूरचा पाय शेवटच्या क्षणी अडवणारा तो पोलीस अधिकारी आणीबाणीने आपल्या सिनेमात मागे ठेवलेला साक्षीदार आहे. त्याला पडद्यावरून हाकलण्याचा अधिकार मी सिप्पींनाही देणार नाही.