समासातलं वाक्य

अण्णा सप्टेंबरात आमच्याकडे स्पेनमध्ये बिल्बाओला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोठमोठ्या इमारती नको दाखवूस, द्राक्षाचा मुलूख दाखव." जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ आमची द्राक्षबाग आहे. ज्यांची चाळीस वर्षं खरड छाटणी, गोडी छाटणी, थिनिंग, डिपिंग यात गेली, ते दुसरं काय मागणार? शनिवारी सकाळी आम्ही एरेराच्या खिंडीतून ला रिओहाकडे उतरलो. खिंडीखालच्या वळणावरून एब्रो नदीचं खोरं एका नजरेत मावतं. वेलींच्या रांगाच रांगा आणि मधूनच टेकडीवर तटबंदीचं एखादं गाव.

लागुआर्दियाच्या खाली एका बागेच्या कडेला अण्णांनी गाडी थांबवायला लावली. ना मांडव, ना तारा. गुडघ्याएवढं वाकडंतिकडं खोड, गोट्यांची जमीन आणि पानांत दडलेले छोटे, घट्ट घड. अण्णा उकिडवे बसले, पानं बाजूला सारून घड तळहातावर तोलला, एक मणी तोंडात टाकला. "बी फार आहे, पण गोड आहे गं. फुगवण करत नाहीत?" मी म्हटलं, यांना मणी लहानच हवा असतो, सगळा रंग सालीत असतो. अण्णा माळकरी. वाइनला त्यांनी हात लावला नाही, मीही आग्रह केला नाही. पण निघताना त्या खोडावरून त्यांनी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

पुढे नाहेराला गाडी लावून आम्ही अझोफ्रापर्यंतचे सहा किलोमीटर चाललो. सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाणारी ही जुनी यात्रेची वाट, 1993 पासून जागतिक वारसा यादीत असलेली. इथे ती वेलींमधून जाते. दगडावर, खांबावर, भिंतीच्या कोपऱ्यावर पिवळे बाण. एलियास वालिन्या नावाच्या गॅलिसियातल्या एका पाद्र्याने 1980 च्या दशकात रंगाचा डबा हातात घेऊन हे बाण काढायला सुरुवात केली, आणि आज जगभरातून आलेली माणसं त्यांच्या भरवशावर चालतात. समोरून पाठपिशवीवाला कोणी आला की अण्णा हात जोडून "राम कृष्ण हरी" म्हणत, तो "बुएन कामिनो" म्हणे. दोघांनाही अर्थ विचारावा लागला नाही.

मला मात्र त्यांना न्यायचं होतं ते या वाटेपासून थोडं बाजूला, सान मियान दे ला कोगोया या गावी. गावात तीनशेही माणसं नाहीत. तिथे दोन मठ आहेत: सुसो म्हणजे वरचा आणि युसो म्हणजे खालचा. आपल्याकडे वरची आळी, खालची आळी म्हणतात तसं. सहाव्या शतकात मियान नावाचा एक साधू वरच्या डोंगरातल्या गुहांत राहिला, त्या गुहांना लागूनच सुसो उभा राहिला. आख्यायिका अशी की 1053 मध्ये नवाराचा राजा गार्सिया त्याच्या अस्थी नाहेराला न्यायला निघाला, पण दरीत येताच बैल जागचे हलेनात. मग तिथेच खालचा मठ बांधला. अण्णांना ही गोष्ट लगेच पटली, अशा गोष्टी आपल्या गावोगावी आहेत.

वर सुसोला आपली गाडी नेता येत नाही. खालच्या मठाकडून छोटी बस नेते, आत एका वेळी मोजकीच माणसं. हे दोन्ही मठ 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामागे इमारतींइतकंच मोठं कारण आहे एका पोथीचा समास. दहाव्या-अकराव्या शतकात इथल्या कुणा भिक्षूला लॅटिन पोथी वाचताना अडत होतं. त्याने ओळींच्या मधे आणि समासात अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवले, आपल्या रोजच्या बोलीत. कुठे शब्दांवर अक्षरं टाकून वाक्याचा क्रम लावला, जसा आपण संस्कृत श्लोकाचा अन्वय लावतो. एका पानावर मात्र तो शब्दांवर थांबला नाही. पुरती प्रार्थनाच त्याने बोलीत लिहिली, चाळीसेक शब्दांची. स्पेनमधल्या शाळकरी मुलांना हे पान माहीत असतं: स्पॅनिश भाषेचा पहिला उद्गार.

मूळ पोथी आज माद्रिदला आहे, इथे प्रतिकृती. तो पहिला उद्गार खरंच इथलाच का, यावरही वाद आहे. काही अभ्यासक म्हणतात ही कॅस्टिलियन, म्हणजे आजची स्पॅनिश नव्हे, शेजारची नवारो-आरागोनेस बोली. बुर्गोस प्रांतातलं वाल्पुएस्ता आपल्या मठातल्या कागदपत्रांवरून पहिलेपणा सांगतं. पण या सगळ्याहून मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच पोथीत, त्याच समासात आमच्या बिल्बाओकडच्या बास्क भाषेतल्याही दोन टिपा आहेत, बास्क भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित वाक्यांमध्ये गणल्या जाणाऱ्या. ज्या पोथीवर स्पॅनिश जगाला अभिमान, तिच्यातच शेजारणीचीही ओळ आहे.

माझी मुलगी बिल्बाओत बास्क माध्यमाच्या शाळेत जाते. तिने त्या दोन ओळी प्रतिकृतीवर शोधून काढल्या आणि मला विचारलं, "आई, मराठीचं पहिलं वाक्य कुठे आहे? आणि त्याच्या शेजारी कोण आहे?"

हा प्रश्न आला तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या घरचा ग्रुप होता. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले, विरोध झाला, 29 जून 2025 ला सरकारने ते मागे घेतले. पहिलीतल्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हे माझंही ठाम मत आहे आणि ज्यांनी विरोध केला त्यांचे मी आभारच मानते. पण त्याच सुमारास मराठी बोलला नाही म्हणून एका दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ माझ्या भाच्याने ग्रुपवर टाकला, "असंच पाहिजे" असं लिहून. पोरगा गुणी आहे. मराठीसाठी काहीतरी करावं ही त्याची तळमळ खरी आहे. ती तळमळ कुठे न्यायची, हे त्याला आम्हीच दाखवलं नाही.

मुलीला मी उत्तर दिलं ते असं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्री चावुण्डराजें करवियलें" असं कोरलेलं आहे. पहिलं वाक्य हे, की अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखातलं, शके 934 म्हणजे 1012 सालचं, हा आपल्याकडचा वाद. पण श्रवणबेळगोळला मराठीच्या शेजारी कोण आहे? कन्नड आणि तमिळ. चावुंडरायाने हे करवलं, ही एकच गोष्ट तिथे तीन भाषांत कोरली आहे. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच." बेळगावच्या प्रश्नावर माझी बाजू कोणती हे सांगायला नको, सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हक्काबद्दल मला शंका नाही. तरीही ज्या ओळीचा आपण अभिमान धरतो, ती कन्नड मुलखात कन्नड ओळीच्या शेजारी आहे, हे आपल्या पोरांना ठाऊक असायलाच हवं.

आणि आता आमच्या तालुक्याचं. ओतूरहून तासाभरात नाणेघाट. कल्याणहून जुन्नरला जाणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट, माथ्यावर जकातीचा दगडी रांजण, आणि गुहेत नागनिका राणीचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख. त्यात 'महारठी' शब्द येतो, अभिजात दर्जाच्या मांडणीतही या लेखाचा आधार घेतला गेला. मी चौथीत असताना आमची सहल तिथे गेली होती. आम्ही गुहेत बसून डबे खाल्ले. भिंतीवर काय कोरलंय हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पुन्हा गेले. उलटा धबधबा पाहायला आलेली गर्दी, गुहेत चहाचे कागदी कप, आणि लेखाकडे पाठ करून फोटो काढणारी आपलीच माणसं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईतली प्रत्येक पाटी मराठीत असावीच. पण नाणेघाटातल्या त्या लेखाचा मराठी अर्थ गुहेबाहेर मोठ्या देवनागरी अक्षरांत असणं मला त्याहून तातडीचं वाटतं. पावसाळ्यात गुहेत एका वेळी किती माणसं, याला मर्यादा हवी. घाटघरच्या दहा पोरापोरींना तो लेख वाचून दाखवता यायला हवा आणि त्याचे पैसे त्यांनाच मिळायला हवेत. आणि वर गाडीरस्ता जास्त रुंद करण्यापेक्षा खालून वैशाखऱ्याहून चढणारी जुनी वाट जपावी. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं याचा आनंद आहेच. सान मियानलाही 1998 पासून प्रतिष्ठान आहे, भाषेचं संशोधन केंद्रही आहे. फरक एवढाच की तिथे शाळेतलं पोर त्या समासापुढे नेऊन उभं करतात.

स्पेनमध्ये सगळं गोडच आहे असं नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत बास्क बोलायला बंदी होती, शेजारच्या म्हाताऱ्या बाई शाळेत त्यासाठी खाल्लेला मार अजून सांगतात. त्या मारानंतर इथल्या लोकांनी काय केलं, तर 1980 मध्ये कोर्रिका सुरू केली. दर दोन वर्षांनी बास्क भाषेसाठी रात्रंदिवस धावण्याची साखळी, दोन हजारांहून जास्त किलोमीटरची. शाळा, दुकानं, मंडळं एकेक किलोमीटर विकत घेतात आणि तो पैसा मोठ्या माणसांना बास्क शिकवणाऱ्या वर्गांना जातो. आमच्या गल्लीतल्या बेकरीनेही किलोमीटर घेतला होता. माझी मुलगी त्यात धावली, नि मी, जिला बास्क धड येत नाही, तिच्याबरोबर धावले. मला कुणी दरडावलं नाही. पुढच्या महिन्यात मी वर्गात नाव घातलं.

संध्याकाळी परतताना बेर्सेओ गावातून आलो. स्पॅनिशमधला नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी गोन्सालो इथला, तेराव्या शतकातला. लोक शेजाऱ्याशी ज्या भाषेत बोलतात तीत मी लिहीन, असं त्याने सांगितलं आणि बदल्यात मागितला पेलाभर चांगला वाइन. अण्णा हसले. म्हणाले, "ज्याच्या रानात जे पिकतं ते तो मागणार. माऊलींनी पसायदान मागितलं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "नाणेघाटात काय लिहिलंय ते मला वाचून दाखव एकदा."

डिसेंबरात आम्ही येतो आहोत. भाच्याला फोन करून सांगितलंय, पहाटे वैशाखऱ्याला पोचायचं, वर चालत जायचं. लेखाचं वाचन आणि अर्थ मी मोठ्या अक्षरांत छापून घेतलाय, दहा प्रती. तो म्हणाला, "आत्या, माझे चार मित्र पण येतील, वीस काढ."