टूलमध्ये 100 स्कोर आला म्हणजे अ‍ॅप सगळ्यांना वापरता येतं? अजिबात नाही

काल रात्री भाचीने एक मेसेज पाठवला, "मावशी, हे खरंय का गं?" ती अंबडच्या एका कंपनीत टेस्टिंगला लागून दीड महिना झालाय आणि हा मेसेज तिच्या टीमच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात लिहिलंय की अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगला, म्हणजे दिव्यांगांनाही अ‍ॅप वापरता येतंय का हे तपासायला, माणूस लागत नाही, आपोआप तपासणारं टूल चालवा, 100 स्कोर आला की झालं, वेबसाइट असेल तर अडथळे आपोआप दूर करतो म्हणणारं, वरून जोडायचं तयार विजेट टाका, भारतात तसा कायदाही नाही, आणि दृष्टिहीनांचं काय, त्यांना घरचे करून देतातच. तिचे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, काचबिंदूने नजर गेल्यापासून पंचवटीतल्या घरी टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, फोन वापरतात. म्हणून हे लिहितेय.

आधी स्कोर. बटनाला नाव दिलंय का एवढं टूल बघतं, त्या नावाला काही अर्थ आहे का हे त्याला कळत नाही. अण्णा ज्या अ‍ॅपवर लाइट बिल भरत होते तिथे शेवटच्या स्क्रीनवर टॉकबॅक म्हणायचं "बटन एक", बोट सरकवलं की "बटन दोन". एक पैसे भरायचं, एक रद्द करायचं. कुठलं कोणतं? टूलच्या हिशोबाने दोन्हींना नाव आहे, म्हणजे पास! ओटीपी चुकला तर लाल अक्षरात एरर यायचा पण वाचला जायचा नाही, अण्णा वाट बघत बसायचे, तेवढ्यात वेळ संपायची आणि परत पहिल्यापासून सगळं. तीनदा असं झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि यूपीआयचा पिन मोठ्याने सांगितला, शेजारचे समोर बसलेले असताना. घरचे करून देतात म्हणजे हे असं असतं. आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः केलेला माणूस आहे तो.

ब्रिटन सरकारच्या डिजिटल सर्व्हिसने 2017 मध्ये एका वेबपानात मुद्दाम 140 हून जास्त अडथळे घातले आणि वेगवेगळी टूल्स चालवून बघितली. सगळ्यात चांगल्या टूललाही त्यातले 40 टक्क्यांच्या आसपासच सापडले, बरेचसे तर एकालाही दिसले नाहीत. ती टेस्ट वेबची होती, पण अ‍ॅपलाही तेच लागू पडतं.

टूल बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाही. बटनाला नावच नाही, अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, 4.5 ला 1 पेक्षा कमी आहे, हे ते पटकन पकडतं. आधी तेच चालवा, पण तिथे थांबू नका.

आता विजेट. ते टाकलं की कुठलीही वेबसाइट अ‍ॅक्सेसिबल होते अशा खोट्या दाव्यांसाठी विजेटवाल्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले. आणि कायदा नाही कसा? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, शिवाय 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. त्या याचिका अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांच्या होत्या, डोळे मिचकावून दाखवा म्हणणारी केवायसी त्यांना जमणार कशी?

तर बाळा, उद्या ऑफिसात टॉकबॅक चालू कर, स्क्रीन झाक आणि तुमच्या अ‍ॅपवर लॉगिनपासून पैसे भरेपर्यंत एकदा जाऊन बघ. आणि रविवारी इकडे ये, तेच अ‍ॅप अण्णांच्या हातात दे आणि ते वापरत असताना मध्ये एक शब्द बोलू नकोस.