भातलावणीच्या दिवसात गेलेला माणगावचा नाईक
इटलीतल्या माँतोने गावात २०२३ साली व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) विजेते नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं, हे तुमच्याकडच्या लेखात वाचून ऊर भरून आला. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे ते. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, वय जेमतेम बावीस.

जुलै म्हणजे आमच्याकडे लावणीचा ऐन हंगाम. घरोघरची माणसं गुडघाभर चिखलात, आणि त्याच दिवसात हा भातशेतीच्या मुलखातला पोरगा टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनसमोर उभा. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झालेले. एकट्याने धावत जाऊन हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. जिंकलेल्या त्याच मोर्चात प्राण गेला.

लोक म्हणतात, इंग्रजांसाठी लढले. मला हे बोलणं लागतं. कोकणातल्या जमिनीच्या तुकड्यावर घर भागत नव्हतं, म्हणून कितीतरी घरांतला पोरगा पलटणीत जायचा. सोबतच्यांसाठी जीव दिला, एवढं मला पुरेसं आहे.

लेखकाला एक विनंती. त्यांच्या तुकडीतले जे त्या दिवशी पडले, त्यांची नावं आणि गावं मिळाली तर जरूर छापा. तीही शेतकऱ्यांचीच पोरं असणार.