डीपफेकसाठी वेगळा कायदा कशाला, म्हणणाऱ्यांना

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, की डीपफेकसाठी, म्हणजे एआयनं कुणाचा चेहरा किंवा आवाज लावून बनवलेल्या खोट्या व्हिडिओंसाठी, वेगळा कायदा नको, आहेत ते बास आहेत, करणारा तसाही सापडत नाही, बायकांनीच फोटो टाकू नयेत आणि कायदा आला की मीम, विडंबन सगळं बंद होणार. एकेक घेते.

आहेत ते कायदे बास? आयटी अ‍ॅक्टचं कलम 66ई बघा, खाजगी अंगाचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पसरवला तर 3 वर्षांपर्यंत शिक्षा. पण डीपफेकमध्ये चेहरा एखाद्या मुलीचा आणि अंग मशीननं बनवलेलं, मग आरोपीचा वकील म्हणणारच की हा तिच्या अंगाचा फोटोच नाही. 67ए लैंगिक मजकुरासाठी आहे, त्यात तिची संमती होती का हा प्रश्नच येत नाही. 66डी फसवणुकीचं. म्हणजे पोलिसांनी इकडची तिकडची कलमं जोडत बसायचं. संमतीशिवाय कुणाचा असा व्हिडिओ बनवणं हाच गुन्हा, हे सरळ एका वाक्यात लिहिलेलं हवं, माझं मागणं एवढंच आहे.

करणारा सापडत नाही? रश्मिका मंदानाचा डीपफेक व्हिडिओ नोव्हेंबर 2023 मध्ये पसरला, जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातून माणूस पकडला. ती नटी म्हणून यंत्रणा हलली हे खरंय, पण मग साध्या मुलीसाठीही हलावी म्हणूनच तर कायदा पक्का हवा ना. आणि त्या मुलीला आधी व्हिडिओ उतरायला हवा असतो, आरोपी नंतर. 2021 च्या आयटी नियमांत तक्रारीनंतर असा व्हिडिओ उतरवायला 24 तासांची मुदत होती, फेब्रुवारी 2026 पासून ती 2 तासांवर आलीय. हे काम प्लॅटफॉर्मचं, त्यासाठी करणारा सापडायची वाट बघावी लागत नाही.

फोटो टाकू नका, हे वाचून खरंच संताप आला. गॅदरिंगचा फोटो मैत्रीण टाकते, लग्नातला नातेवाईक टाकतात, किती जणांना अडवणार? मंदानाच्या केसमध्ये तर दुसऱ्याच एका बाईच्या खऱ्या व्हिडिओवर चेहरा लावला होता, दोघींचंही नुकसान. आणि सचिन तेंडुलकरला गेमिंग अ‍ॅपच्या खोट्या जाहिरातीत घातलं, त्यानं काय घराबाहेर पडायचं नाही?

मीमची भीती मात्र मला पटते. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल खोटं काय ते सरकारनंच ठरवायचं हा फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर 2024 मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या याचिकेवर रद्द केला, ते योग्यच झालं. म्हणून व्याख्या नेमकी हवी, संमतीशिवाय केलेलं लैंगिक चित्रण आणि पैशाची फसवणूक आत, नेत्याची नक्कल आणि विडंबन बाहेर, आणि चुकून पोस्ट उतरली तर दाद मागायला जागा त्याच कायद्यात.